डावी बाजू

परदेशात मोटार चालविण्याची धास्ती सर्वांनाच असते; परतल्यावर घरच्या रस्त्याची धास्ती बाळगावी, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ते बसवकल्याणच्या पुढे उसाच्या एका ट्रॅक्टरने शिकविले.

जर्मनीत मी चार वर्षे काढली. राहायला गेलेल्याला आपला इकडचा परवाना तेथे सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. वाहने उजव्या बाजूने धावतात. सुरुवातीला प्रत्येक वळणावर मी "उजवीकडे, उजवीकडे" असे पुटपुटत असे. पुढे पुटपुटणे थांबले. नियम डोक्यातून हातात उतरला होता.

परत आल्यावर गेल्या हिवाळ्यात भालकीला थोरल्या बहिणीकडे निघालो. उमरगे मागे पडले, सीमा ओलांडली. पाट्यांवर कानडी अक्षरे आली. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. आज राज्ये दोन असली तरी मोटारीचा कायदा एकच, १९८८ चा, आणि बाजूही डावीच. हमरस्त्यावर दुभाजक होता, तोवर चुकायची सोयच नव्हती. सस्तापूर बंगल्यापाशी वळलो, बसवकल्याण ओलांडले आणि पुढे एके ठिकाणी चहा घेतला. निघालो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. हाताने गाडी निमूटपणे उजवीकडे घेतली.

वळणावर समोर उसाने लादलेला ट्रॅक्टर! त्याने करकचून ब्रेक दाबला; मी गाडी तुरीच्या शेतात घातली. म्हातारा चालक खाली उतरला. शिव्या खाण्याची माझी तयारी होती. तो एवढेच म्हणाला, "साहेब, रस्ता मोकळा होता म्हणून सगळा तुमचाच झाला का?"

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्यानंतर काही काळ अपघात वाढण्याऐवजी घटले, कारण जो तो जपून चालवीत होता. सवय झाली, तसे ते पुन्हा वाढले. गर्दीत पुढच्या गाडीमागून जाता येते. रिकाम्या रस्त्यावर मात्र हाताची जुनी सवयच गाडी नेते.

बहिणीने सारे ऐकून घेतले. निघताना माझ्या डाव्या मनगटाला तिने लाल दोरा बांधला. "नवसाचा नाही रे," ती म्हणाली, "बाजूचा आहे."