कॅम्पातला 'किंग' कोण?

शुक्रवारची संध्याकाळ, महिन्याची पहिली तारीख नुकतीच होऊन गेलीय आणि ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय... कुठे बसायचं? एक जण मॉल म्हणतो, एक जण डाएटवर आहे, आणि एकाचं 'मला काहीही चालेल' (हा नमुना प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आणि नंतर सगळ्यात जास्त कुरकुर तोच करतो!). अशा वेळी कुणीतरी 'बर्गर' हा शब्द उच्चारला, तर पुण्यात चर्चा तिथेच थांबवा आणि गाड्या कॅम्पाकडे वळवा. मॉलमधला बर्गर वाईट असतो असं नाही. पण तो नाशिकला, नागपूरला आणि दिल्लीला तसाच मिळतो. कॅम्पातला कॅम्पातच मिळतो.

याचं कारण बर्गरपेक्षा जुनं आहे. खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी १८१७ मध्ये इथं छावणी बसवली. छावणी आली म्हणजे गोरे सोल्जर आले, आणि सोल्जर आले म्हणजे पाव आला. पुढे इराणी आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भट्ट्या आल्या. त्यामुळे पेठांमध्ये जेव्हा पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं समजलं जायचं, तेव्हा इथं बन-मस्का, पॅटिस आणि सँडविच हे रोजचं पोट भरायचं साधन होतं. बर्गरचं अर्धं यश त्याच्या बनमध्ये असतं, हे तुम्हाला कुठलाही खवय्या सांगेल. बन शिळा असेल, तर आत काहीही घाला, घास घशाशी अडकतोच. बन नको तितका मऊ असेल, तर तिसऱ्या घासाला त्याचा लगदा होतो आणि तुम्ही पॅटी हातात धरून बसता. शंभर वर्षं पाव भाजलेल्या भागात बन चुकायची शक्यता कमी. गणित इतकं सोपं आहे.

ईस्ट स्ट्रीटवरची पॅटी

ईस्ट स्ट्रीट, म्हणजे कागदोपत्री जनरल थिमय्या रोड. (हे नाव रिक्षावाल्याला सांगून बघाच, गंमत येईल.) याच रस्त्यावर एका इराणी दांपत्याचं बर्गरचं हॉटेल आहे, दुसरी शाखा कोरेगाव पार्कात. हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. लक्षात घ्या, मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ मध्ये. तेव्हा कॅम्पातली पोरं बर्गर खाऊन पुढच्या वर्गात गेलेली होती! आणि माझं गाव गोंदिया. आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे हे हॉटेल आमच्या अख्ख्या जिल्ह्यापेक्षा मोठं आहे वयानं.

इथला बर्गर नीटनेटका नसतो. फोटो काढायला उभा केलात तर तो डोलतो. पॅटी जाड, वर चीज, आणि मेयोनीज इतकं, की दुसऱ्या घासाला ते मनगटापर्यंत येतं. पहिल्या डेटला इथं जाऊ नका, किंवा मुद्दाम जा. समोरचा माणूस हात बरबटल्यावर कसा वागतो, हे लग्नाआधी कळलेलं बरं.

माझा मावसभाऊ इंटरव्ह्यूसाठी पुण्याला आला होता. महाराष्ट्र एक्सप्रेसनं जवळजवळ एक दिवस-रात्र काढून. त्याला मी थेट इथं आणलं. आमच्याकडे लहानपणी बर्गर म्हणजे हातगाडीवरचा बन, त्यात बटाट्याची टिक्की, कोबी आणि लालभडक सॉस. गड्यानं समोर आलेल्या बर्गरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा कोनत्या बाजूनं खायचा?" त्यानंतर दहा मिनिटं काहीच बोलला नाही. सावजीवर वाढलेल्या पोराला चिकन खाऊन गप्प बसवणं सोपं नसतं, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

चिकनचा विषय निघालाच आहे म्हणून... 'हॅम्बर्गर'मध्ये 'हॅम' नसतं. ते नाव जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून आलं. जगात बर्गर म्हणजे मुळात बीफ. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे आपल्याकडे बर्गरवाल्याची खरी परीक्षा चिकनवर होते. आणि चिकन हे दगाबाज प्रकरण आहे. त्यात चरबी कमी. नुसत्या ब्रेस्टचा खिमा फार बारीक केला आणि तव्यावर दाबून दाबून भाजला, की रबर तयार! मांडीचं मांस थोडं मिसळलं, खिमा जरा जाडसर ठेवला आणि उलथण्यानं दाबायचा मोह आवरला, तर रस आत राहतो. माझी कसोटी अगदी साधी आहे. पॅटी सॉसशिवाय एक घास खाऊन बघायची. तो घास पाणी न पिता उतरला तर जॉइंट पास.

नावात काय आहे? बरंच आहे!

आता या हॉटेलची खरी स्टोरी. त्याचं नाव 'बर्गर किंग'. हो, तेच. अमेरिकेतली 'बर्गर किंग' ही कंपनी १९५४ पासूनची, फ्लोरिडातली. भारतात तिचं पहिलं दुकान उघडलं नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. पण त्याच्या तीन वर्षं आधीच, २०११ मध्ये, तिनं पुण्याच्या जिल्हा न्यायालयात या इराणी दांपत्यावर दावा ठोकला. नाव वापरणं बंद करा आणि २० लाख रुपये भरपाई द्या. कंपनीचं म्हणणं असं की, हा ट्रेडमार्क आमचा, भारतात तो १९७९ पासून नोंदलेला आहे, आणि तुमच्यामुळे गिऱ्हाइकांची फसगत होते.

खटला चालला तेरा वर्षं! तेवढ्या काळात लोक शाळा संपवून, इंजिनीअरिंग करून, हिंजवडीत टीम लीड झाले. १६ जुलै २०२४ ला जिल्हा न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला. पुण्यातलं हॉटेल १९९२ च्या सुमारापासून हे नाव वापरतंय, कंपनीनं इथं दुकान उघडलं ते बावीस वर्षांनी, आणि लोकांची फसगत झाल्याचा पुरावा काही नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. हॉटेलवाल्यांनीही आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल २० लाख मागितले होते, तेही पुराव्याअभावी नामंजूर. म्हणजे दोघांचे वीस-वीस लाख हवेत, आणि नाव मात्र कॅम्पात!

पण गोष्ट इथं संपली नाही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्यातल्या हॉटेलला हे नाव वापरायला मनाई केली. हॉटेलवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तिथं या मनाईलाच स्थगिती मिळाली. अपिलाचा निकाल मात्र उच्च न्यायालयानंच द्यायचा. या सगळ्यात गल्ल्यामागच्या माणसाच्या डोक्यावर कायम टांगती तलवार... उद्या पाटीवर काय लिहायचं?

असं आधी कुठे घडलंय का, हे शोधायला बसले तर मजाच सापडली. ऑस्ट्रेलियात ही कंपनी 'हंग्री जॅक्स' नावानं चालते, १९७१ पासून. का? तर ॲडलेडमधल्या एका टेकअवेनं 'बर्गर किंग' हे नाव तिथं आधीच नोंदवून ठेवलं होतं. आणि खुद्द अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या मटून नावाच्या छोट्या गावात एक घरगुती 'बर्गर किंग' आहे, ज्याचा कंपनीशी काडीचाही संबंध नाही. ते भांडणही कोर्टात गेलं. १९६८ मध्ये निकाल लागला. नाव देशभर कंपनीचं, पण मटूनभोवतीच्या वीस मैलांत त्या कुटुंबाचं! वीस मैल म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. ईस्ट स्ट्रीटपासून ३२ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर हिंजवडीसुद्धा आत येतं की हो.

कंपनीची बाजू अगदीच फालतू आहे, असं मी म्हणणार नाही. नाव नोंदवायचं, जगभर त्यावर पैसा ओतायचा, आणि कुणीही उठून तेच नाव पाटीवर रंगवायचं, हे चालू दिलं तर ट्रेडमार्क नावाच्या गोष्टीला अर्थ राहात नाही. उद्या तुमच्या स्टार्टअपचं नाव कुणी ढापलं तर तुम्हीही कोर्टातच जाल. पण 'गिऱ्हाइकाची फसगत' हा मुद्दा मला ईस्ट स्ट्रीटवर बसून काही केल्या पटत नाही. मेयोनीजनं कोपर माखलेल्या माणसाला आपण मॉलमध्ये बसलोय असं वाटतंय, हे जरा अतीच नाही का? शिवाय नोंदणी १९७९ ची आणि पहिलं दुकान २०१४ चं. मधली पस्तीस वर्षं नाव फायलीत होतं. त्यातली वीसेक वर्षं ते नाव पुण्यात कुणीतरी रोज सकाळी शटर उघडून, तवा तापवून, बिलं भरून जगवलं. कायद्याचा कीस वकील पाडतील. माझ्या लेखी नाव त्याचं, ज्यानं त्या नावावर मला जेवायला घातलं.

हॉटेलात आमच्या शेजारच्या टेबलावर एक काका होते, त्यांना कॉलेजच्या पोरी सोबत घेऊन आलेल्या. त्यांना विचारलं, या हॉटेलला तुम्ही काय म्हणता? "बर्गर किंग," काका म्हणाले. मग मॉलमधल्याला? "ते दुसरं."

पोटात जागा असेल तर

ज्यांना बर्गरचा हा पसारा झेपत नाही, त्यांनी एम.जी. रोडवर मार्झोरिन गाठावं. तिथं चिकन सँडविच खायचं, पांढऱ्या ब्रेडचं, अगदी साधं. वरच्या मजल्यावर बाल्कनीत जागा मिळाली तर सोडू नका. खाली अख्खा एम.जी. रोड शॉपिंगच्या पिशव्या सांभाळत चाललेला असतो आणि आपण वर निवांत. व्हेजवाल्यांनी तोंड पाडू नये, दोन्हीकडे सोय आहे. पण खरं सांगायचं तर व्हेज बर्गर हा आपल्याकडे वडापावाचा श्रीमंत चुलतभाऊ आहे, आणि मला विचाराल तर वडापाव जास्त प्रामाणिक. बर्गरबरोबर फ्राइजचा हट्ट नसेल तर बुधानीचे वेफर्स घ्या, ताजे, पिशवीतून गरम लागणारे.

एवढं झाल्यावर गोड हवंच. ईस्ट स्ट्रीटवरच कयानी बेकरी आहे, १९५५ ची. दुपारी ती चक्क बंद होते, तेव्हा लंच ब्रेकमध्ये धावत जाऊ नका. संध्याकाळी उघडताना रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. गाडी मात्र लांब कुठेतरी लावा, कारण ईस्ट स्ट्रीटवर पार्किंग शोधण्यात बर्गरची भूक मरते. श्रुजबेरी बिस्किटांचा डबा गावाकडच्यांसाठी घ्यायचा असतो, हा नियमच आहे. माझा सल्ला एवढाच, अर्धा किलो स्वतःसाठी वेगळी बांधून घ्या. महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघालेला आमचा डबा मनमाडच्या पुढे कधीच गेलेला नाही.