मन राहतं कुठं?

“रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. तुमचे मनाचे खेळ आहेत हे!” डॉक्टरांचं हे बोलणं सांगताना शेजारच्या वहिनी अगदी ओशाळल्या होत्या. कारखान्याचा हंगाम, यजमानांची रात्रपाळी, त्यात मुलीची दहावी. झोप नाही, छातीत धडधड, घास उतरत नाही. आणि वर आपण ढोंग करतो की काय, अशी टोचणी!

मैत्रिणींनो, असं तुम्हालाही कधी ऐकावं लागलं असेल.

जुन्या चिनी वैद्याने वहिनींना असं परत पाठवलं नसतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ. त्यांच्या मते मन शरीराहून वेगळं नाहीच. ‘शेन’, म्हणजे आपलं मन, जाणीव, चैतन्य, हे हृदयात राहतं. रात्री तिथं त्याला विसावा मिळाला नाही, की झोप उडते. राग यकृताला बाधतो, सततची काळजी पचन बिघडवते, शोक फुप्फुसांत साठतो आणि भीती मूत्रपिंडांना धरते. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक बिंदू आहे, त्याचं नावच ‘शेनमेन’, मनाचं दार. झोपेच्या तक्रारीवर तिथं सुई टोचतात.

ऐकायला परकं वाटतं, पण आपण तरी काय म्हणतो? रागानं पित्त खवळलं, काळजीनं काळीज पोखरलं, भीतीनं पोटात गोळा आला! चरकानेही सांगून ठेवलंय, की चिंता, शोक, भय, क्रोध असताना पथ्याचं आणि बेताचं अन्नसुद्धा पचत नाही. (ताट वाढतानाच घरखर्चाचा विषय काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

चीनशी आपला धागा तसा जवळचा. १९३८ साली तिकडे गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला त्यांनी ते सुरू केलं.

आता तुम्ही विचाराल, मग सुया टोचून घ्याव्यात का? माझं मत सांगते. ते ‘यकृत’ नि ‘हृदय’ म्हणजे आजच्या शरीरशास्त्रातले अवयव नव्हेत, आणि उदासीवर सुयांचा गुण येतो याचा पुरावा अजून तोकडा आहे. कोणी हौसेनं गेलंच, तर सुई दरवेळी नवी, पाकिटातली हवी. चालू औषधं मात्र परस्पर बंद करायची नाहीत. मन खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा फोन आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वहिनी शेवटी बारामतीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. यजमान रात्रपाळी करून तसेच सोबत गेले. “गोळ्या नंतर लिहिल्या हो,” वहिनी सांगत होत्या, “आधी अर्धा तास त्यांनी माझं नुसतं ऐकून घेतलं.”