राउटरचं फाटक कुणासाठी उघडायचं?

घरात लॅपटॉपवरचे फोटो मोबाइलवर लगेच दिसतात. पण परगावाहून तेच उघडायला गेलं, की जोडणीच होत नाही. असं का?

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर १९२.१६८.१.२० सारखा खासगी पत्ता देतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा सार्वजनिक पत्ता. राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा. आपण मागवलेलं तो आत सोडतो, कारण मागणीची नोंद त्याच्याकडे असते. न मागता आलेल्याला फाटकावरूनच परत पाठवतो. हे काम फायरवॉलचं.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरला दिलेली कायमची सूचना: अमुक क्रमांकाच्या पोर्टवर काही आलं, तर १९२.१६८.१.२० या पत्त्याच्या लॅपटॉपकडे धाड. पोर्ट म्हणजे फाटकातलं क्रमांक दिलेलं दार; हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. उघडायचा तो लागेल तेवढाच. त्या लॅपटॉपचा खासगी पत्ताही राउटरमध्ये पक्का करून ठेवावा. तो बदलला, तर सूचना निरुपयोगी ठरते.

विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. तो इंटरनेटला कधीही उघडू नका. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर याच वाटेने जगभर पसरलं. राउटरमध्ये व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करण्याची, सोय असेल तर ती सुरू करा आणि फाइल्स त्यातूनच उघडा.