लढाई पडद्यांची, हिशेब दुकानांचा

लेखमाला : पुस्तक नव्या रूपात (भाग ६)

‘किंडल घेऊ की टॅब?’ हा प्रश्न वाचनाची आवड असलेल्या घरांत अजूनही विचारला जातो आणि चर्चा बहुधा डोळ्यांवर येऊन थांबते. किंडलने डोळ्यांना त्रास होत नाही, टॅबने होतो, एवढं ठरलं की विषय मिटतो. हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून फार थोडं कळतं. मागच्या भागात आपण ई-पुस्तकाची फाइल आतून कशी असते ते पाहिलं. ती फाइल ज्या यंत्रांवर उघडते त्यांच्यातली चढाओढ हा आजचा विषय. ही चढाओढ अमेरिकेत सुरू झाली आणि तिथेच रंगली. वरवर ती दोन पडद्यांमधली दिसते. मला मात्र तिचा सगळा इतिहास यंत्रामागच्या दुकानांचा इतिहास वाटतो.

तरीही सुरुवात पडद्यापासूनच करायला हवी, कारण तो खरोखर विलक्षण आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी विजेवर चालणारी शाई तयार केली. त्यातूनच 1997 मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी उभी राहिली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे घराच्या रंगात वापरतात त्याच पदार्थाचे. दोन्ही कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे वीज ज्या दिशेने द्यावी त्याप्रमाणे एक रंग वर येतो आणि दुसरा तळाशी जातो. एकदा वर आलेले कण वीज बंद झाली तरी तिथेच राहतात. म्हणून या यंत्राला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, आणि एकदा चार्ज केलं की ते कित्येक दिवस, आठवडेसुद्धा चालतं.

टॅबचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-इंकचा पडदा खोलीतला उजेड परतवतो, जसा कागद परतवतो. भर उन्हात गच्चीवर बसलं की टॅबवर आपलाच चेहरा दिसतो, ई-रीडरवर, म्हणजे किंडलसारख्या फक्त वाचनाच्या यंत्रावर, मात्र अक्षरं आणखी ठळक होतात. अंधारात वाचायची सोय पुढे, 2012 मध्ये झाली. बार्न्स अँड नोबल या अमेरिकन पुस्तकविक्रेत्या कंपनीचा दिवे असलेला नूक आणि ॲमेझॉनचा किंडल पेपरव्हाइट त्याच वर्षी आले. त्यांतले दिवे पडद्याच्या मागे नसून कडेला बसवलेले असतात. उजेड आधी पानावर पसरतो आणि तिथून परतून डोळ्यांत येतो.

झोपेबद्दल एक प्रयोग नेहमी सांगितला जातो, तो नीट समजून घ्यावा. बॉस्टनमधल्या संशोधकांनी 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, झोपण्याआधी काही तास टॅबवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे 10 मिनिटं उशिरा झोप लागली, आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाणही त्यांच्यात घटलेलं आढळलं. यंत्र होतं आयपॅड, उजेड होता पूर्ण प्रखर, आणि सहभागी माणसं फक्त 12. त्यावरून ‘ई-रीडर झोप उडवतात’ असे मथळे झाले, ते चुकीचे होते. ई-इंकचा पडदा त्या प्रयोगात तपासलेलाच नव्हता.

आता बाजाराकडे वळू. ई-इंक वापरून वाचकांसाठी पहिलं यंत्र आणलं ते सोनीने, 2004 मध्ये, जपानात. त्याचं नाव लिब्रिए. पडदा सुरेख होता, पण त्यासाठी मिळणारी पुस्तकं 60 दिवसांनी आपोआप बंद पडत. वाचक फिरकले नाहीत, यात नवल नाही. तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2007 मध्ये, ॲमेझॉनने 399 डॉलरला पहिलं किंडल विकायला काढलं आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. पडदा त्याच जातीचा होता. दिसायला ते यंत्र ओबडधोबड होतं. पण त्यात मोबाइलचं नेटवर्क होतं, त्याचं बिल ॲमेझॉन भरत असे, आणि बसल्या जागेवरून पुस्तक निवडलं की मिनिटाभरात ते हातात येई. नवी गाजलेली पुस्तकं 9.99 डॉलरला मिळत. कित्येक पुस्तकांवर ॲमेझॉन पदरचे पैसे घालत होतं.

दोन महिन्यांनी ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांना किंडलबद्दल विचारलं, तेव्हा लोक आता वाचतच नाहीत, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी तो विषय झटकला. आणि 27 जानेवारी 2010 रोजी त्याच जॉब्ज यांनी आयपॅड सादर करताना सोबत पुस्तकांचं दुकानही जाहीर केलं.

पहिला आयपॅड 499 डॉलरपासून पुढे होता आणि वजनाला सुमारे 680 ग्रॅम. त्याच वर्षी आलेलं तिसरं किंडल 250 ग्रॅमच्या आत होतं आणि त्याची किंमत 139 डॉलर. एका हातात धरून आडवं पडून वाचणाऱ्याला या फरकाचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण आयपॅडवर रंग होते, चित्रपट होते, पत्रव्यवहार होता, आणि बालपुस्तकं तर त्यावर खुलूनच दिसत. ई-रीडरचे दिवस भरले, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं.

त्याच सुमारास पडद्यामागे दुसरीच झुंज चालली होती. ॲपलने पाच मोठ्या प्रकाशकांशी करार केला. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवायची, 30 टक्के ॲपलने घ्यायचे. नवी पुस्तकं 12.99 किंवा 14.99 डॉलरला जाणार हे त्यात ठरलेलं होतं. त्या पाचांतल्या मॅकमिलनने हीच अट ॲमेझॉनपुढे ठेवली, तेव्हा ॲमेझॉनने त्यांच्या पुस्तकांची विक्रीच थांबवली, आणि काही दिवसांत माघार घेऊन अट मान्य केली. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2012 मध्ये ॲपल आणि या प्रकाशकांवर खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढलं. जुलै 2013 मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी ॲपलने संगनमत केल्याचा निकाल दिला, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिल्यावर ॲपलला 45 कोटी डॉलर मोजावे लागले. या सगळ्या खटल्यात पडदा चांगला कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. पुस्तकाची किंमत कोण ठरवणार, एवढाच वाद होता.

ॲमेझॉनची चाल यातून उलगडते. जेफ बेझोस यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितलं होतं की नवी किंडल यंत्रं कंपनी उत्पादनखर्चातच विकते, नफा पुढच्या खरेदीतून येतो. ॲपलचा नफा यंत्रातच होता. म्हणून ॲमेझॉनला शत्रूच्या यंत्रावर जायला संकोच नव्हता, आणि आयपॅड बाजारात आला तेव्हा किंडलचं ॲप त्यावर हजर होतं. 2011 मध्ये ॲपलने ॲपमधल्या विक्रीवर 30 टक्के मागितल्यावर मात्र किंडलच्या ॲपमधून दुकानाचं बटण गेलं. त्यानंतर वर्षानुवर्षं आयपॅडवर वाचणारा माणूस ॲपमध्ये पुस्तक वाचू शके, पण घ्यायचं झालं तर ब्राउझर उघडून दुसरीकडून घ्यावं लागे. अमेरिकेत हे बटण न्यायालयाच्या आदेशानंतर 2025 मध्ये परतलं. ई-रीडरवर खरेदी इतकी सहज आणि टॅबवर इतकी अडखळत का, याचं कारण हे आहे.

आकडे मात्र टॅबच्या बाजूने गेले. प्यू या संस्थेच्या 2015 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 45 टक्के प्रौढांकडे टॅब होता. ई-रीडर 19 टक्क्यांकडे होता, आणि आधीच्या वर्षी हेच प्रमाण 32 टक्के होतं. सोनी 2014 मध्ये या धंद्यातून बाहेर पडली आणि तिने आपले ग्राहक कॅनडाच्या कोबोकडे सोपवले. नूकमध्ये 30 कोटी डॉलर गुंतवणारी मायक्रोसॉफ्टही त्याच वर्षी बाजूला झाली. जोमाने टिकले ते किंडल आणि कोबो, म्हणजे ज्यांच्यामागे पुस्तकांचं स्वतःचं चालतं दुकान होतं.

दुकानाला बांधलेल्या यंत्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲमेझॉनने चीनमधलं किंडलचं दुकान 30 जून 2023 रोजी बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला वाचकांना एक वर्षाची मुदत दिली. फेब्रुवारी 2025 पासून तर घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घेऊन वायरने यंत्रात टाकण्याची सोयही सगळीकडची गेली. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक आपल्या कपाटात आहे की त्यांच्या, ही शंका मला यंत्र निवडताना पडद्याहून मोठी वाटते.

मराठी वाचकाचा प्रश्न इथून वेगळा होतो. किंडलच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं 2016 मध्ये आली. तिथे आज मराठी पुष्कळ आहे, पण मराठीतलं सगळं डिजिटल वाचन तिथे नाही. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. ई साहित्य प्रतिष्ठान पीडीएफ वाटतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे मोलाचे ग्रंथ संकेतस्थळावर फुकट आहेत, तेही पीडीएफमध्येच. पीडीएफ म्हणजे पानाचं पक्कं चित्र. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. सहा इंची ई-रीडरवर हे वाचन म्हणजे शिक्षा आहे, कारण ई-इंकचं चित्र सरकताना अडखळतं. दहा इंची टॅबवर तेच पान पूर्ण आणि सुवाच्य दिसतं. म्हणून ज्याचं वाचन जुन्या मराठी ग्रंथांचं, स्कॅन केलेल्या दुर्मिळ अंकांचं आहे, त्याला मी टॅबच घ्यायला सांगते, डोळ्यांची चर्चा बाजूला ठेवून. ज्याचं वाचन मुख्यतः कथा-कादंबऱ्यांचं आणि इंग्रजीचंही आहे, त्याने ई-रीडर घ्यावा. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंकचे मोठे पडदेही मिळतात, चीनच्या ओनिक्स कंपनीचे बूक्स त्यांतले परिचित. त्यांवर कोणतंही ॲप चालतं. किंमत मात्र चांगल्या टॅबएवढी, कधी त्याहून जास्त.

पीडीएफचा हा मुक्काम मराठीत का लांबला, त्याला कारण आहे. आपल्याकडे कित्येक वर्षं पुस्तकांची जुळणी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये झाली. छापायला ती फाइल उत्तम, पण तिच्यातून युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरं, काढताना जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या जागा सोडतात आणि अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. लहान प्रकाशकाला हा खर्च जड जातो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण निदान नव्याने जुळणीला जाणारं पुस्तक युनिकोडमध्ये जुळवून त्याची ईपब फाइल, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे ओळी नव्याने बसवणारी फाइल, काढून ठेवता येते. ईपब कोबोवर उघडते, आयपॅडवर उघडते, फोनवर उघडते, आणि 2022 पासून ती किंडलवरही पाठवता येते. ती विकत मिळावी, ही मागणी मराठी वाचकांनी आपल्या प्रकाशकांकडे पत्राने, मेलने, पुस्तक प्रदर्शनात भेटतील तिथे करावी. मी करते आहे.