फोटो टाकले की पैसे सुरू?

‘अगं, एवढे छान फोटो काढतेस, तर टाकून दे की एखाद्या साइटवर. एकदा टाकले की घरबसल्या पैसे येत राहतात!’ मी हौसेने स्टॉक फोटोग्राफी करते हे चारचौघांत कळलं, की हे वाक्य ठरलेलं. लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बँकेच्या रांगेत ऐकलंय. हल्ली त्यात व्हिडिओवाल्यांची भर पडली आहे. ते मोबाइलवर डॉलरमधला आकडा दाखवतात आणि शेवटी स्वतःचा कोर्स विकतात. निवृत्तीला आलेल्या एका काकांनी तर मला विचारलं, की ही फोटोंची एफडीच झाली ना? नाही काका, अजिबात नाही. एफडीचा दर पैसे ठेवतानाच ठरतो. इथे दर साइट ठरवते, मध्येच बदलते, आणि फोटो कोणी घेतलाच नाही तर वर्षाअखेरीला हातात काहीच नसतं.

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक, अलामी या साइटवर आपण फोटो ठेवतो. वर्तमानपत्रं, जाहिरात संस्था, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, बँकांची पोस्टर करणारे लोक ते वापरण्याचा परवाना विकत घेतात, आणि त्यातला काही हिस्सा आपल्याला मिळतो. व्यवहार एवढाच. तो होण्याआधी काय काय करावं लागतं, ते मात्र कोणत्याच व्हिडिओत दिसत नाही.

मी नाशिकची, म्हणून द्राक्षाचंच उदाहरण घेते. दिंडोरी-निफाडकडे निर्यातीच्या बागांमध्ये मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास घडांना कागद लावतात. उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत, हिरवेच राहावेत म्हणून. मांडवाखाली सकाळचं तिरपं ऊन, हिरवे घड, कागद गुंडाळणारे हात. बघणाऱ्याला वाटतं, फोटो झाला, आता टाकून द्या. पण हाच फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघा. घडाला लावलेला कागद म्हणजे जुनं वर्तमानपत्र. त्यावर मथळा वाचता येतो, एखाद्या कंपनीची जाहिरात दिसते, वर्तमानपत्राचं नाव दिसतं. हा सगळा दुसऱ्याचा कॉपीराइट, दुसऱ्याचा ट्रेडमार्क. व्यावसायिक वापरासाठी दिलात तर तपासणीत परत येणार. मग एकेका घडावरचं अक्षर पुसत बसा, नाहीतर कोऱ्या कागदाची ओळ शोधून पुन्हा फोटो काढा. पानांच्या सावलीत दाणेदारपणा आला आहे का, फोकस हातावर आहे की मागच्या खांबावर, मागे फवारणीच्या ड्रमवर कंपनीचं नाव आहे का, हेही बघावंच लागतं.

मग माणसं. हात चालतात, पण चेहरा ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीज लागतो. म्हणजे त्या व्यक्तीच्या सहीचं संमतिपत्र, शेजारी साक्षीदाराची सही, आणि मूल असेल तर आईवडिलांची. इंग्रजी मजकुराचा तो कागद बांधावर बसून मराठीत समजावून सांगावा लागतो. कागद लावणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘ताई, म्हंजी माझा फोटू कुठंबी लागंल का?’ प्रश्न अगदी बरोबर होता. रिलीज दिल्यावर तो फोटो खताच्या जाहिरातीत लागू शकतो, कर्जाच्या पत्रकावर लागू शकतो, परदेशातल्या मासिकात लागू शकतो. माणसाची बदनामी होईल किंवा तो एखाद्या पक्षाचा प्रचार करतोय असं भासेल, अशा वापराला साइटच्या परवान्यांत मनाई असते, पण बाकीची यादी लांबच लांब आहे. ती सगळी सांगितल्यावर बाईंनी नको म्हटलं. मी हातांचेच फोटो ठेवले. हे न सांगता, चहा पाजून सही घेणारेही आहेत. मला त्याची मनापासून चीड येते.

एवढं झालं की शीर्षक आणि कीवर्ड. शटरस्टॉकवर एका फोटोला जास्तीत जास्त ५० कीवर्ड देता येतात, अडोबी स्टॉकवर ४९, आणि अडोबीकडे पहिल्या दहांना जास्त वजन असतं. म्हणजे क्रमसुद्धा विचार करून लावायचा. परदेशातला खरेदीदार ‘नाशिक’ असं शोधत नाही. तो ‘फ्रूट एक्स्पोर्ट’ शोधतो, ‘फार्म वर्कर हँड्स’ शोधतो. याउलट शेतीविषयक मासिकाला नेमका वाण हवा असतो. बाग सोनाकाची असेल आणि कीवर्डमध्ये थॉमसन लिहिलं, तर जाणकार माणूस लांबट मणी बघूनच चूक ओळखतो. म्हणून बागायतदाराला वाण विचारून घ्यायचा. फोटो काढायला क्षणही लागत नाही. पुढचं हे काम संध्याकाळ खातं. याला ‘टाकून देणं’ कोणी म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता ‘पैसे येत राहतात’ याकडे वळू. इथे माझ्या शब्दावर जाऊ नका, साइटचे जाहीर नियमच बघा. शटरस्टॉकने १ जून २०२० पासून सहा पायऱ्यांची पद्धत आणली. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत फोटोग्राफरचा वाटा १५ टक्के. पुढे तो वाढत जातो, आणि ४० टक्क्यांची शेवटची पायरी गाठायला वर्षात २५,००० हून जास्त डाउनलोड लागतात. मेख पुढेच आहे : दर १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. आधीच्या डिसेंबरात तुम्ही कुठेही असा. सबस्क्रिप्शनवर घेतलेल्या फोटोचे कमीत कमी १० सेंट मिळतात, म्हणजे आठ-नऊ रुपये. पूर्वीच्या पद्धतीत नवख्यालाही सबस्क्रिप्शनच्या डाउनलोडमागे २५ सेंट मिळायचे. अडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं, पण २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. आयस्टॉकवर, जो फक्त त्यांच्यासाठीच काम करत नाही अशा फोटोग्राफरला फोटोमागे १५ टक्के. आता गणित तुम्हीच करा. १० सेंटच्या दराने १०० डाउनलोड झाले, तर हाती १० डॉलर. आणि एकट्या शटरस्टॉकवर ४० कोटींहून जास्त फोटो आहेत. त्या ढिगात आपला फोटो शंभरदा उचलला जाणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही.

इथे हमखास कोणी तरी ‘ब्लिस’चं नाव काढतं. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी. चार्ल्स ओरिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत रस्त्याने जाता जाता तो फोटो काढला, स्टॉक एजन्सीकडे दिला, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचे पूर्ण हक्क विकत घेतले. इथवर खरं आहे. पण गोष्ट सांगणारे पुढचं गाळतात. ओरिअर हे ‘नॅशनल जिओग्राफिक’साठी वर्षानुवर्षं काम केलेले व्यावसायिक छायाचित्रकार होते. हातात मामिया आरझेड ६७ हा मोठ्या फिल्मचा कॅमेरा होता, आणि ज्या वेस्टलाइट एजन्सीकडे फोटो गेला तिच्या संस्थापकांपैकी ते स्वतः एक होते. गाडीतून सहज टिपलेल्या फोटोने नशीब उघडलं, असा त्याचा अर्थ काढणं म्हणजे त्या माणसाची सगळी कारकीर्द पुसून टाकणं.

शिवाय ‘एकदा’ टाकून भागत नाही. गुढीपाडव्याचा फोटो पाडव्याच्या दिवशी दुपारी चढवला, तर त्या वर्षीचा बाजार उठलेला असतो. कॅलेंडरवाले, जाहिरातवाले, मासिकवाले महिना-दोन महिने आधीच शोधाशोध करतात. त्यामुळे यंदा काढलेली गुढी पुढच्या पाडव्यासाठी असते, आणि त्यातही कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी स्वच्छ दिसायला हवी, मागे शेजारच्या खिडकीतला एसी आणि त्यावरचं कंपनीचं नाव नको. मोबाइलचं मॉडेल जुनं झालं की हातात मोबाइल असलेला ऑफिसचा फोटोही जुना होतो. नोटा बदलल्या की पैसे मोजतानाचा फोटो बाद होतो. जे नियमाने नवं काम घालत राहतात, त्यांनाच नियमाने काही मिळतं. मला यातून मिळणारे पैसे मेमरी कार्ड आणि लेन्सच्या डागडुजीला उपयोगी पडतात, आणि ते मला मोलाचे वाटतात. नोकरी सोडण्याइतके ते नाहीत, आणि कोणी तशी आशा दाखवून कोर्स विकत असेल तर तो फसवतो आहे.

बाकीचे गैरसमज भराभर निकालात काढते.

‘त्यासाठी महागडा कॅमेरा लागतो.’ शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक, दोन्हीकडे किमान मर्यादा ४ मेगापिक्सेलची आहे. आजच्या साध्या मोबाइलमध्येही त्याहून जास्त असतात. मात्र व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पाठवू नका. त्यात फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइलच द्या.

‘सुंदर फोटो विकला जातो.’ सूर्यास्त सुंदर असतो आणि साइटवर तो लाखोंनी पडलेला असतो. त्यापेक्षा रेशन दुकानातली रांग किंवा डोळे तपासून घेणारे आजोबा कोणाच्या तरी लेखाला नेमके हवे असतात.

‘रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट.’ नाही. एकदा पैसे भरून परवाना घेतला, की त्याच्या अटींत राहून फोटो पुन्हा पुन्हा वापरता येतो, दर वापराला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि गूगलवर दिसला म्हणून फोटो फुकट झाला, हे तर ऐकवतही नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट निर्माण होतो. नोंदणीची अट नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

‘फोटोत मी आहे, म्हणजे फोटो माझा.’ कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा. पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रांनी जरूर वाचावा. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे नवरीचा सुरेख फोटो आपल्या स्टॉक खात्यात परस्पर टाकता येत नाही. तिचा मॉडेल रिलीज लागतो तो वेगळाच.

‘सार्वजनिक जागी उभं राहून काढला, मग परवानगी कशाला?’ इमारतींच्या बाबतीत कायदा बराच उदार आहे. कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं हा कॉपीराइटचा भंग नाही, सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचाही नाही. पण कॉपीराइट वेगळा आणि ट्रेडमार्क वेगळा. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूची प्रतिमा २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली. अशी नोंद झालेली ती भारतातली पहिली इमारत. गेटवेपाशी उभं राहून काढलेला तिचा फोटो घरच्या अल्बमात खुशाल लावा. जाहिरातीसाठी विकायला काढू नका. पॅरिसच्या आयफेल टॉवरचंही तसंच : दिवसाचा फोटो चालतो, रात्रीच्या रोषणाईवर कॉपीराइट सांगितला जातो. असे फोटो, आणि ज्यात अनोळखी चेहऱ्यांची गर्दी आहे ते, ‘एडिटोरियल’ म्हणून देता येतात. त्यांचा उपयोग बातमी, लेख, शिक्षण यांपुरता. रामकुंडावरची गर्दी त्यातच जाते. शटरस्टॉकवर अशा फोटोच्या ओळीत आधी शहर आणि देश, मग तारीख, मग वर्णन, असा ठरलेला साचा पाळावा लागतो.

‘आता एआय आलं, फोटोग्राफी संपली.’ धक्का बसला आहे, हे खरं. अडोबी स्टॉक डिसेंबर २०२२ पासून एआयने बनवलेली चित्रं तशी खूण करून घेतं. गेटी इमेजेसने त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, ती नाकारली. शटरस्टॉकही फोटोग्राफरकडून ती घेत नाही, पण फोटोग्राफरांचं काम एआयच्या शिकवणीसाठी पुरवतं आणि त्याचा मोबदला वेगळ्या निधीतून देतं. तो मोबदला पुरेसा आहे असं मला वाटत नाही. पण यंदाच्या गारपिटीत झोपलेली निफाडची बाग एआयला काढता येत नाही. तिथे कोणाला तरी चिखलात उतरावंच लागतं.

‘परदेशातून येणाऱ्या पैशावर कर नसतो.’ असतो. अमेरिकी साइटवर खातं उघडलं की पॅनसह डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरावा लागतो. तो भरला तर भारत-अमेरिका करारानुसार, अमेरिकेतल्या खरेदीदारांकडून आलेल्या रॉयल्टीवर तिथे १५ टक्के कापले जातात. न भरल्यास ३०. उरलेले पैसे बँकेत आले की ते तुमच्या उत्पन्नात धरायचे आणि विवरणपत्रात दाखवायचे. तिथे कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते, त्यासाठीचा स्वतंत्र फॉर्म सीएकडून भरून घ्या. डब्ल्यू-८ बेनची मुदत सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. साइटची आठवण येईल तेव्हा बघू, असं म्हणत थांबू नका. तारीख लिहून ठेवा.