कीटकनाशकाचा रिकामा डबा आणि ग्रामीण स्त्री

नागपूर-हैदराबाद महामार्गापासून चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो, तेथे समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव वसले आहे. भोवतालचा प्रदेश कपाशी, सोयाबीन व तुरीचा. खरिपाची पिके वाढीस लागली की शिवारात फवारणीचे पंप दिसू लागतात. पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो; म्हणून विषाचा धोका त्यालाच, असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे.

फवारणीसाठी पाणी वाहणे, फवारलेल्या पिकात निंदण करणे, कापूस वेचणे आणि औषधाने भिजलेले कपडे धुणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांकडे असतात. गर्भवतीच्या शरीरात गेलेले विष गर्भापर्यंत पोचू शकते. रिकामा डबा घरी आला की त्यात पाणी किंवा धान्य साठविण्याचा मोह होतो. मात्र प्रशिक्षणाचे निमंत्रण सहसा सातबाऱ्यावरील नावाला, म्हणजे बहुधा पुरुषाला जाते.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतर फवारणाऱ्याच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. घरातील व बांधावरील स्त्रीचा विचार त्या मानाने मागे राहिला.

कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकण्यास मनाई आहे. डबा रिकामा होताच तीन वेळा विसळावा, ते पाणी पंपातच ओतावे व डब्यास भोके पाडावीत. तो जाळू नये. नदी, नाला वा विहिरीजवळ टाकू नये. फवारणीचे कपडे इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. वेष्टनावरील त्रिकोणाचा लाल रंग अतितीव्र विषाचा, तर हिरवा सर्वांत कमी तीव्रतेचा निदर्शक असतो. अक्षरओळख नसलेल्या मजूर स्त्रीलाही ही खूण शिकविता येते.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचीही तरतूद आहे. रिकामे डबे कोठे जमा करावेत, प्रशिक्षणास कोणाला बोलवावे, हे विषय त्या सभेत प्रथम मांडले गेले पाहिजेत. ज्या हातांना विषाचा स्पर्श होतो, त्या हातांना निर्णयातही वाटा मिळाला, तरच गावाचे आरोग्य खऱ्या अर्थाने सुरक्षित राहील.