वर्गातली काचपेटी आणि आपली लेकरं



या पानावर बेणे, खत, पाणी यांचे लिहिणे नेहमीचेच. आज जरा वेगळा विषय. कोणाच्या घरी एखादे लेकरू उशिरा बोलते, कोणाला ऐकू कमी येते, कोणाची समज वयाच्या मागे राहते. पाहुणेरावळे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे, ही आपल्यातली रीत लपवून उपयोग नाही.

अशा मुलांना वर्गात काचेच्या पेटीत मासे ठेवून शिकवता येते. आपल्या गोरेगावच्या शाळेलाही हे परवडावे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पेटीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावते. मासेही महागाचे नकोत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते सोडते ते गप्पी मासे चालतात. नर लहान अन् रंगीत, मादी मोठी अन् फिकी. लहान-मोठे, एक-दोन-तीन हे फळ्यावर न उमजणारे पोर पेटीसमोर बोट दाखवून सांगू लागते. ऐकू न येणाऱ्याला तर सगळे डोळ्यांपुढेच असते.

खरी शिकवण खाणे घालण्यात आहे. चिमूटभरच टाकायचे. जास्त झाले की ते कुजते, पाणी नासते, मासे मरतात. जादा युरियाने ऊस लोळतो हे आपल्याला तरी कुठे लवकर कळले? शिवाय आज तुझी पाळी, उद्या त्याची. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडणाऱ्या आपण मोठ्यांनीही बघण्यासारखे आहे हे!

नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे. आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा. पेटी पक्क्या ओट्यावर, वायर मुलांच्या हाताबाहेर. सुटीत खाणे कोण घालणार ते आधी ठरवावे. घाबरणाऱ्या लेकरावर जबरदस्ती नको. एखादा मासा मरतोच. तो गुपचूप फेकू नये, मुलांना दाखवून सांगावे.

पेटीने व्यंग जात नाही, तशी आशा कोणी लावू नये. पण लेकरू शाळेतच नसेल तर पेटी कोणापुढे ठेवायची? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्राची चौकशी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात करावी, आणि ती ऊस तोडणीची धांदल सुरू होण्याआधीच उरकावी.